६० हजारांत गेमिंग पीसी बसवायचा: भाच्याच्या मशीनच्या नोंदी

२२ मे २०२४, बुधवार

काल बारावीचा निकाल लागला, आज संध्याकाळी ताईचा फोन. पास झाला, मार्कही बरे आहेत, आता कबूल केल्याप्रमाणे कॉम्प्युटर घ्यायचाय आणि दाजींनी सांगितलंय की ६० हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. भाच्याने मागून ओरडून सांगितलं, "मामा, ४०६० बसतं का बघ ना त्यात!" म्हणजे ग्राफिक कार्ड. एकट्या त्या कार्डाचे २८-२९ हजार होतात, अर्धं बजेट तिथेच संपलं. मॉनिटर पण नवा लागणार, घरचा जुना १९ इंची आहे तो आता पिवळट दिसतो. कीबोर्ड माऊस आहेत ते चालवू म्हणलं. नोंदी यासाठी ठेवतोय की मागच्या वेळी ऑफिसातल्या मित्राचं मशीन केलं तेव्हा कुठली वस्तू केवढ्याला घेतली तेच महिन्याभरात विसरलो होतो आणि वॉरंटीच्या वेळी बिल शोधत बसलो.

२५ मे, शनिवार

आधी इथेच नाशकात चौकशी केली. एका दुकानात (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाहीये) त्याने लगेच तयार सेट दाखवला. "आय-सेव्हन आहे साहेब, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक, लाइट बघा, सगळं मिळून ३२ हजार." भाच्याचे डोळे लकाकले, ३२ मध्ये आय-सेव्हन! मी विचारलं कुठल्या जनरेशनचा, तर म्हणाला थर्ड. म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर, रॅम जुन्या पिढीची डीडीआर३, आणि कार्ड कुठलं तर जीटी ७३०, गेमला दुबळं. बाहेर येऊन भाच्याला समजावलं की आय-सेव्हन हे नुसतं आडनाव आहे, माणूस कुठल्या सालचा ते आकड्यावरून कळतं. आजचा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. भाचा गप्प झाला पण कॅबिनेटचे रंगीत लाइट त्याच्या मनातून गेलेले नाहीत हे मला दिसत होतं.

मग त्याला रसवंतीवर बसवून एकच प्रश्न विचारला की तू खेळणार काय. व्हॅलोरंट रोज, मित्रांबरोबर. जीटीए फाइव्ह. आणि एकदा तरी सायबरपंक बघायचंय. हे आधी विचारायला पाहिजे होतं. व्हॅलोरंटला कार्ड फारसं लागत नाही, त्याला प्रोसेसर चांगला पाहिजे आणि पळणारा मॉनिटर पाहिजे. सायबरपंक हे एकच प्रकरण कार्ड खाणारं. म्हणजे १०८० रेझोल्यूशनवर नीट चालेल असं कार्ड, ६ कोरचा प्रोसेसर आणि १४४ हर्ट्झच्या पुढचा (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. यादी इथून सुरू.

२८ मे, मंगळवार

कार्डावरून मामा-भाचा भांडण. चार पर्याय समोर ठेवले होते.

आरटीएक्स ४०६०, २८ हजारांच्या पुढे. हे घेतलं तर प्रोसेसर नाहीतर मॉनिटर मारावा लागतो. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं २५ च्या आसपास. आरटीएक्स ३०५० वीस-एकवीस. आणि एएमडीचं आरएक्स ६६००, तेही वीस-एकवीसच. आता ३०५० आणि ६६०० एकाच भावात असतील तर प्रश्नच मिटतो, साध्या गेममध्ये ६६०० बरंच पुढे आहे, दोन्हीकडे ८ जीबी आहे. ३०५० कडे रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावल्या) आणि डीएलएसएस (छोटं चित्र मोठं करून गेम पळवायची सोय) आहे हे भाच्याचं म्हणणं बरोबर, पण एवढ्या छोट्या कार्डावर रे ट्रेसिंग लावलं की गेम रांगायला लागतो, मग त्या सोयीचं करायचं काय. शिवाय ३०५० मध्ये अजून एक गोम आहे, या फेब्रुवारीत त्याच नावाने ६ जीबीवालं काढलंय, ते स्वस्त आहे पण नुसती मेमरी कमी नाही, आत कोर पण कमी आहेत. नाव तेच! दुकानात कोणी "३०५० सोळा हजारात देतो" म्हणालं तर ते हेच.

भाचा म्हणतो, "सगळे मित्र एनव्हिडिया घेतात." म्हणलं मित्रांना पैसे द्यायला सांग.

सेकंडहँडचाही विचार केला, वापरलेलं ६६०० तेरा-चौदाला मिळतं. पण ते क्रिप्टो मायनिंगच्या शेडमध्ये दोन वर्षं रात्रंदिवस तापलेलं नाही हे कोणी सांगावं. स्वतःसाठी असतं तर घेतलं असतं. दाजींच्या पैशाने ही जोखीम नको, बंद पडलं तर पुढची दहा वर्षं दिवाळीत ऐकावं लागेल.

६६०० फायनल. १३२ वॉट खातं, एकच ८ पिनची केबल, त्यामुळे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पण आटोक्यात राहतो.

३० मे, गुरुवार

प्रोसेसर. इथे मी स्वतःच आधी चुकीच्या रस्त्याला लागलो होतो. माझा हिशोब असा की एएमडीचा रायझन ५६००जी घेऊ, त्यात ग्राफिक आतच असतं, कार्ड आत्ता घेऊच नको, दिवाळीला घेऊ, तोपर्यंत ४०६० चा भाव पण उतरेल आणि भाचा पण खूश. रात्री नीट वाचलं तेव्हा कळलं की ५६०० आणि ५६००जी हे नावाने सख्खे भाऊ वाटतात पण आहेत चुलत. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, जी मध्ये १६. आणि जी हा पीसीआयई ३ वरच अडकतो (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, ४ हा ३ पेक्षा रुंद). ५५०० पण त्याच जातीचा, फक्त ग्राफिक बंद केलेला. गेमला ती कॅश लागते, व्हॅलोरंटसारख्याला तर जास्तच. म्हणजे आज दोन पैसे वाचवायला जायचं आणि दिवाळीला कार्ड लावल्यावर प्रोसेसरच मागे ओढणार.

इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ पण तोडीचा आहे, भावही जवळपास तोच. मग ठरवायचं कशावर, तर पुढे काय. इंटेलच्या त्या सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे मोठा प्रोसेसर टाकता येतो पण ते तापट असतात, स्वस्त एच६१० बोर्डावर टाकायची हिंमत होत नाही. एएम४ वर, म्हणजे ५६०० च्या सॉकेटवर, जानेवारीत ५७००एक्स३डी आलाय, तीन वर्षांनी तो सेकंडहँड टाकला की याच बोर्डावर मशीन परत तरुण. म्हणून रायझन ५६००.

मदरबोर्ड बी५५० आठ हजार तीनशेच्या आसपास, बी४५० साडेसहाच्या आत. फरक मुख्य म्हणजे पीसीआयई ४ आणि ३ चा. आता ६६०० हे कार्ड ८ लेनचंच आहे, त्यामुळे ३ वर थोडं दबतं, पण बहुतेक गेममध्ये डोळ्याला कळणार नाही इतकंच. म्हणून बी४५०च, ते दोन हजार मॉनिटरमध्ये घालू. फक्त बी४५० ही २०१८ ची जात, जुना बायोस (मशीन चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) असेल तर ५६०० ओळखणारच नाही, काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं. खोक्यावर "रायझन ५००० रेडी" असं स्टिकर बघूनच घ्यायचं. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.

१ जून, शनिवार

आज मुंबईला लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या सुट्या मालाच्या बाजारात, जायचं ठरलं होतं. मध्य रेल्वेने ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतलाय, ठाण्याला फलाट रुंद करतायत आणि सीएसएमटीला फलाटांची लांबी वाढवतायत, गाड्या रद्द. पुढच्या शनिवारी. रविवारी जाऊन उपयोग नाही, तिथे बहुतेक शटर बंद असतात.

४ जून, मंगळवार

ऑफिसात कोणाचंच कामात लक्ष नव्हतं, सगळे लोकसभेच्या निकालाच्या आकड्यांत. मी एसएमपीएस वाचत बसलो.

भाच्याची सूचना होती की कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट येतो, "४५० वॉट लिहिलंय मामा, आपल्याला ३०० पण लागत नाही." घरी माझ्याकडे तसला एक जुना पडलाय, तो काढून त्याला लेबल दाखवलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनवर १६ अँपिअर. बाराने गुण, म्हणलं. १९२. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणजे कामाचे वॉट १९२, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टवर पसरलेले, ते फारसे वापरले जात नाहीत. आणि हातात घेतलं तर डबा रिकाम्या पोह्याच्या डब्यासारखा हलका. चांगल्या ५५० वॉटच्या ब्रॉन्झवाल्याला (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) तीच लाइन चाळीस-पंचेचाळीस अँपिअरची असते. हा जळताना एकटा जळत नाही, शेजारच्यांना घेऊन जातो. चार हजार एसएमपीएसला बाजूला काढले, यावर चर्चा बंद.

तिकडे तैवानच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात एएमडीने प्रोसेसरची नवीन ९००० मालिका जाहीर केली, आणि त्याच दमात एएम४ साठी पण दोन नवीन प्रोसेसर! सॉकेट २०१६ चं आहे. भाच्याला लिंक पाठवली, त्याने अंगठा पाठवला.

कॅबिनेटवर समेट झाला. त्याला पुढून सगळी काच पाहिजे होती. म्हणलं काचेतून वारा येत नाही. पुढे जाळी, तीन पंखे, बाजूला काच, आणि पंख्यात लाइट असले तर असू देत.

८ जून, शनिवार

पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून स्लो लोकलने ग्रँट रोड, स्टेशनातून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, ते नाव घेऊन रस्ता विचारला तर लोक तोंडाकडे बघतात. भाचा पहिल्यांदाच आला होता, एका जिन्याच्या कोपऱ्यात चार फुटांच्या गाळ्यात छतापर्यंत ग्राफिक कार्डांची खोकी बघून तो थांबूनच राहिला.

पद्धत अशी ठेवली की यादी कागदावर, पाच दुकानांत तोच कागद, आणि पहिल्याच वाक्यात "बिलासकट भाव सांगा". नाहीतर आकडा ऐकून खूश व्हायचं आणि शेवटी वर १८ टक्के जीएसटी. एकाने हळूच विचारलं बिल पाहिजेच का. पाहिजेच. बिल नसेल तर प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी कोणाकडे मागायची.

दुसऱ्या दुकानात सगळं स्वस्त आणि रॅम मात्र महाग, तिसरीकडे उलटं. चौथ्याने बी४५० बोर्ड काढला तर स्टिकर नव्हतं. "चालेल हो, सगळ्यांना हेच देतो." म्हणलं मग इथेच ५६०० लावून चालू करून दाखवा. त्याने दोन सेकंद माझ्याकडे बघितलं आणि आतून दुसरं खोकं आणलं, त्यावर स्टिकर होतं.

शेवटी बराचसा माल एकाच ठिकाणी घेतला, तीनशे-चारशे जास्त गेले असतील पण बिल एक आणि भांडायचं ठिकाण पण एक. प्रोसेसर ११,३००, बोर्ड ६,४००, रॅम ८-८ च्या दोन मिळून ३,५००, एसएसडी ५०० जीबी ३,२००, कार्ड २०,४००, एसएमपीएस ४,१००, कॅबिनेट २,९००. झाले ५१,८००. एसएसडी १ टीबी घ्यायची फार इच्छा होती, दोन हजार जास्त, पण मॉनिटर बाकी होता. जुन्या मशीनमधली १ टीबीची हार्ड डिस्क लावू, फोटो सिनेमे तिच्यावर.

रॅमवरून तिथेही वाद, एकच १६ ची घेतली तर पुढे वाढवता येईल असं भाच्याने कुठेतरी ऐकलेलं. एकच लावली की सिंगल चॅनल, अर्धा रस्ता बंद ठेवून गाडी चालवल्यासारखं. बोर्डाला चार स्लॉट आहेत, वाढवायचं तर वाढव.

परतीच्या पंचवटीत कॅबिनेटचं खोकं वर बसेना, दोन सीटच्या मध्ये उभं ठेवलं. समोरच्या काकांनी विचारलं मिक्सर आहे का एवढा मोठा.

९ जून, रविवार

मॉनिटर मुद्दाम इथेच नाशकात घेतला. काच ट्रेनने कोण आणणार, आणि दुकानात लावून एकेक रंग पूर्ण स्क्रीनवर आणून मेलेला पिक्सेल बघता येतो. २४ इंची, १०८०, आयपीएस, १६५ हर्ट्झ, ९,७००. एकूण ६१,५००. वरचे दीड हजार आजीने दिले, दाजींना सांगू नका म्हणाली, दाजी शेजारीच बसले होते.

जोडणी ताईच्या डायनिंग टेबलवर. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटच्या त्रिकोणावर, वरून सोडला की आपल्या वजनाने बसतो, दाबायचं नाही. एवढं भाच्याने केलं, श्वास रोखून.

मग कूलरने इंगा दाखवला. ५६०० बरोबर येणारा कूलर बोर्डावरच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना अडकत नाही, त्या काढाव्या लागतात आणि तो चार स्क्रूंनी थेट मागच्या लोखंडी पट्टीत जातो. मी बोर्ड उभा धरून पट्ट्यांचे स्क्रू काढले आणि शेवटचा निघाला तशी मागची पट्टी खण्णकन फरशीवर! ती दुसऱ्या कशाने धरलेलीच नसते. परत लावायला तीन हात लागतात, एकाने बोर्ड धरायचा, एकाने खालून पट्टी दाबायची आणि एकाने स्क्रू. ताईने पोळ्या सोडून येऊन पट्टी धरली, पिठाचे हात पुसून. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे पिळायचे, एक पूर्ण पिळला की पलीकडची बाजू उचलते आणि खालची पेस्ट एका कडेला सरकते. पेस्ट कूलरला लावूनच येते, वेगळी लावली नाही.

त्यानंतर बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, नऊ स्क्रू लावले आणि मग टेबलावर मागची पत्र्याची चौकट पडलेली दिसली, जिच्यातून यूएसबीची तोंडं बाहेर येतात. सगळं परत काढलं. हे मी दर वेळी करतो.

चालू केलं. पंखे फिरले, लाइट लागले, भाच्याने टाळ्या वाजवल्या, स्क्रीन मात्र काळी. बोर्डावर बारीक दिवे असतात त्यातला डीरॅमवाला, म्हणजे रॅमचा, पेटलेला. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होत्या, बरोबर होत्या, पण या बोर्डाला क्लिप एकाच बाजूला आहे आणि दुसऱ्या टोकाला एक रॅम जेमतेम केसभर वर राहिली होती. अंगठ्याने दाबली, टक आवाज आला. रात्री ११:४० ला बायोस दिसला. मॉनिटरची केबल कार्डाला लावली होती ना हे चारदा तपासून झालं होतं.

१० जून, सोमवार

विंडोज टाकलं. रॅमचा वेग खोक्यावर ३२०० आणि मशीन २६६६ दाखवतं, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. किती लोक वर्षानुवर्षं तसंच वापरत असतील.

१३ जून, गुरुवार

दोन गमती.

पहिली, भाचा तीन दिवस सगळ्यांना सांगत होता की १६५ हर्ट्झचा फरक काय जबरदस्त जाणवतो. आज मी सेटिंगमध्ये बघितलं तर ६० वर होता. विंडोजला सांगावं लागतं, ते बहुतेक वेळा स्वतःहून ६० च्या वर जात नाही. १६५ केल्यावर त्याने माऊस गोल गोल फिरवला आणि काहीच बोलला नाही. मी पण कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय.

दुसरी, व्हॅलोरंट सुरूच होईना. विंडोज ११ वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. बायोसमध्ये गेलो, एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू केलं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, हुशारीत रीस्टार्ट केलं, तर विंडोजच गायब! बूट करायला डिस्कच नाही म्हणतं. पोटात गोळा. कारण मीच पेन ड्राइव्ह बनवताना जुन्या पद्धतीचा बनवला होता, त्यामुळे डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर झाली आणि सिक्युअर बूटला नवी, जीपीटी पाहिजे. सीएसएम परत चालू केल्यावर विंडोज परत आलं, मग विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची कमांड आहे ती चालवली, काही न पुसता डिस्क बदलली, आणि मग सीएसएम बंद. क्रम उलटा केला म्हणून एक तास गेला. व्हॅलोरंटला सेकंदाला ३०० च्या आसपास फ्रेम येतात.

१६ जून, रविवार

ताईचा फोन, "कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या येतात, मी फडक्याने पुसत होते." लगेच गेलो. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लावलं, खरंच मुंग्या. टेस्टर लावला तर मंद पेटतो. मीटरवर ११० व्होल्टच्या आसपास.

दाजी म्हणाले माल खराब दिलाय, परत करा. माल खराब नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून एकेक छोटा कपॅसिटर बॉडीला जोडलेला असतो, विजेतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून द्यायला. अर्थिंगच नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या फरशीवर ओल्या हाताने गंमत नाही ती. घर सिडकोतलं जुनं, प्लगला तीन भोकं आहेत पण बोर्ड उघडला तर वरच्या भोकाला वायरच नाही! इतकी वर्षं फ्रीजचं पण तेच चाललं होतं.

इलेक्ट्रिशियनने मेन बोर्डापासून हिरवी वायर ओढली, दोन्ही प्लगना. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघितला, लख्ख पेटला. ६५० रुपये. कॅबिनेटला हात लावला, शांत. हा खर्च कुठल्याही पीसीच्या यादीत नव्हता.

२१ जून, शुक्रवार

पाऊस सुरू, लाइट दिवसातून तीनदा जाते. माळ्यावरचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस काढला, बॅटरी फुगलेली, १२ व्होल्ट ७ एएचची नवी ९५० ला. वॉट मात्र ३६०च असतात त्याचे, ६०० नाही, पण गेम चालू असताना मॉनिटरसकट अडीचशेच्या आसपास जातंय म्हणून चालतं. पाच एक मिनिटं मिळतात. तेवढ्यात गेम सोडून बंद कर असं सांगितलंय, तो शेवटचा राउंड खेळून घेतो.

३० जून, रविवार

काल रात्री वर्ल्ड कप जिंकला, आज सगळे उशिरा उठले. दुपारी मशीन उघडून बघितलं, तीन आठवड्यांत पुढच्या जाळीवर चांगलीच धूळ. सायबरपंक हाय सेटिंगवर ६० फ्रेमच्या आसपास चालतंय. प्रोसेसर गेममध्ये ७८ अंशांना जातो, कार्ड ७० च्या आत, खोलीत एसी नाही तरी.

एसएसडीवर ४१ जीबी उरलेत. जीटीए एकटाच शंभरच्या वर बसलाय, त्यात अजून एक गेम १५० मागतो म्हणे. भाच्याने विचारलं, "मामा, दुसरी एसएसडी बसते का रे?" बोर्डावर एम.२ चा (एसएसडी थेट बोर्डावर बसते तो) स्लॉट एकच आहे, तो भरला. साटावाली, म्हणजे केबलने जोडायची, बसेल. दाजींना विचार म्हणलं, तर म्हणाला आजीला विचारतो.